रायटिंगचा बँड सहावरच का अडकतो? आयईएलटीएस, पीटीई आणि बडोद्याची मुलं

दांडियाबाजारकर
बडोद्यातल्या मराठी घरांतल्या मुलांचे आयईएलटीएसचे (परदेशी शिक्षण-नोकरीसाठीची इंग्रजीची परीक्षा, गुण नऊपर्यंतच्या बँडमध्ये) निकाल पाहिले की पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसतं. लिसनिंग साडेसात, रीडिंग सात, स्पीकिंग साडेसहा आणि रायटिंग सहा. दुसऱ्यांदा परीक्षा दिली तरी रायटिंग सहाच. फी पाच आकडी, त्यामुळे तिसऱ्यांदा बसवायला घरचे कचरतात. क्लासमध्ये एकच उपाय सांगतात, शब्दसंग्रह वाढवा. मुलं जाडजूड शब्दांच्या याद्या घोकतात आणि बँड जागचा हलत नाही.

माझं मत असं की अडतं ते शब्दांपाशी नाही, दुसरीकडेच कुठेतरी. जाणकारांनी नेमकं सांगावं. नक्की कुठे मार्क जातात? घरबसल्या सुधारता येतं का? की सरळ पीटीई, म्हणजे इंग्रजीचीच दुसरी परीक्षा, द्यावी?

घडियाळपोळ
मत बरोबर आहे. रायटिंगला चार निकष असतात आणि चौघांचं वजन सारखं, म्हणजे प्रत्येकी २५ टक्के: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतला सलगपणा, शब्दसंपदा आणि व्याकरण. शब्दांवर सहा महिने घालवले तरी हात फक्त एका चौथाईला लागतो. त्यात टास्क १ (आलेखाचं वर्णन किंवा पत्र) पेक्षा टास्क २ ला (निबंध) दुप्पट वजन. तासाभरातली ४० मिनिटं टास्क २ ला आणि २० टास्क १ ला, असं म्हणतात ते त्यामुळेच.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या निकषात होतं. समजा प्रश्न असा आहे: शहराच्या जुन्या भागात खासगी गाड्यांना बंदी घालावी, तुम्ही कितपत सहमत आहात? मुलं लिहितात काय, तर वाहतूक कोंडी, धूर, अपघात, पार्किंग. हा झाला वाहतुकीवरचा निबंध. विचारलं होतं ‘कितपत सहमत’. खासगी गाड्या, जुना भाग, बंदी हे तीन शब्द प्रश्नात होते आणि उत्तरातून गायब झाले. इंग्रजी कितीही सफाईदार असो, या निकषात असं उत्तर वर जात नाही.

आणि भूमिका पहिल्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत एकच हवी. सुरुवातीला ‘पूर्ण सहमत’ आणि शेवटी ‘दोन्ही बाजू तितक्याच महत्त्वाच्या’ असं झालं की परीक्षकाला भूमिकाच सापडत नाही.

प्रतापगंज
घडियाळपोळ यांना अनुमोदन. त्यात टेम्प्लेटची भर घाला. ‘इन धिस कंटेम्पररी एरा, इट इज अ डबल-एज्ड सोर्ड’ हे वाक्य कुठल्याही विषयाला चिकटतं, आणि नेमकं म्हणूनच ते निरुपयोगी. परीक्षकांना पाठ केलेली भाषा ओळखायला शिकवलेलं असतं. अशी वाक्यं तुमची भाषा म्हणून धरली जात नाहीत. प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर तीही तुमच्या शब्दांत मोजत नाहीत. म्हणजे स्क्रीनवर २६५ दिसतात, पण त्यातले ३५ प्रश्नातून उचललेले असतील तर उरले २३०, आणि किमान २५० हवेत.

खोट्या पाहणीचाही मोह नको. ‘एका सर्वेक्षणानुसार ८० टक्के लोक’ लिहून काही वाढत नाही. त्यापेक्षा एक मुद्दा शेवटपर्यंत न्यावा. मांडवीच्या आसपासचंच घ्या. दुकानांचा माल सकाळी टेम्पोतून येतो, म्हणून बंदी सरसकट नको, सकाळी दहानंतर आणि फक्त खासगी गाड्यांना असावी. मग दुकानदाराचं नुकसान होत नाही आणि चालणाऱ्याला रस्ता मोकळा मिळतो. एवढ्यात एक मुद्दा, त्याचं कारण, उदाहरण आणि परिणाम आला. एका परिच्छेदाला एवढं पुरे.

सुरसागर_काठ
वाचनखूण साठवली. टास्क १ बद्दलही कुणीतरी लिहा ना.

घडियाळपोळ
@सुरसागर_काठ, अ‍ॅकॅडमिक (विद्यापीठ प्रवेशासाठीचा प्रकार)च्या टास्क १ मध्ये आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रिया असते. किमान १५० शब्द. जनरल ट्रेनिंग या दुसऱ्या प्रकाराला (नोकरी, स्थलांतर) त्याजागी पत्र. आलेखात मुलं प्रत्येक आकडा लिहीत बसतात आणि ‘ओव्हरव्ह्यू’ राहून जातो. ओव्हरव्ह्यू म्हणजे आकडे न देता, लांबून पाहिल्यावर दिसणारं चित्र: दोन रेषा चढल्या, एक उतरली, शेवटी क्रम उलटला. ही दोन वाक्यं नसतील तर त्या निकषात पाचाच्या वर जाणं अवघड. ती शेवटाला ठेवू नका, प्रस्तावनेच्या लगेच खाली लिहा. वेळ संपला तरी ती सुटत नाहीत.

आणि कारणं देऊ नका. कॉफीचा खप का वाढला हे आलेखात नाही, तुम्हीही लिहायचं नाही.

मंजिरी_रावपुरा
व्याकरणाच्या चौथाईबद्दल मी लिहिते, कारण इथे आपली मराठी इंग्रजीच्या खालून डोकावते आणि हे क्लासमध्ये कुणी दाखवत नाही.

पहिली गोष्ट काळाची. ‘मी काल आलोय’ हे आपण सर्रास म्हणतो आणि मराठीत ते खटकत नाही. त्याचंच ‘आय हॅव कम यस्टरडे’ होतं. इंग्रजीत संपलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ चालत नाही. टास्क १ मध्ये हीच चूक दर दुसऱ्या ओळीत येते. ‘सिन्स १९९० टिल २००० द नंबर हॅज इन्क्रीज्ड’ हे चूक. ‘फ्रॉम १९९० टू २००० द नंबर रोझ’ हे बरोबर.

दुसरी ‘अ’ आणि ‘द’ची. मराठीत आर्टिकल नाहीच, त्यामुळे कान तयार नसतो. लिहून झाल्यावर प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामावर बोट ठेवायचं आणि त्याच्या आधी काही आहे का ते पाहायचं. ‘गव्हर्नमेंट शुड’ नाही, ‘द गव्हर्नमेंट शुड’. या एका फेरीत पाच-सात चुका निघतात.

तिसरी स्वल्पविरामाची. मराठीत आपण वाक्यामागून वाक्य स्वल्पविरामाने ओवत जातो, ऐकायला छान लागतं. इंग्रजीत दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की चूक धरतात. पूर्णविराम द्या नाहीतर ‘बिकॉज’, ‘व्हाइल’, ‘सो’ घाला.

चौथी ‘च’ची. ‘तिथेच जाणार’चं ‘देअर ओन्ली’ होतं. बोलताना समजून घेतील, लिहिताना नाही. आणि ‘इन्फर्मेशन्स’, ‘इक्विपमेंट्स’, ‘अ‍ॅडव्हाइसेस’ हे शब्द इंग्रजीत नाहीतच.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का? व्याकरणाला सातचा बँड हवा असेल तर बिनचूक वाक्यं वारंवार यायला हवीत. म्हणून घरी मोजायची गोष्ट एकच: पंधरा वाक्यांतली किती पूर्ण बिनचूक आहेत? पाच असतील तर शब्दांच्या यादीने काही होणार नाही.

कमाटीबाग
मंजिरीताई, ‘हॅव कम यस्टरडे’ वाचून थबकलो. रोज ऐकतो आणि कानाला कळतही नाही.

लहरीपुरा
थोडा वेगळा सूर. सगळे रायटिंगच्या मागे लागतात आणि लिसनिंग-रीडिंगमधले हातचे मार्क सोडतात. तिथे हिशोब उघड आहे. ४० पैकी साधारण २३ बरोबर आले की सहा, ३० ला सात, ३५ ला आठ. जनरल ट्रेनिंगच्या रीडिंगला मात्र सातसाठी ३४ च्या आसपास लागतात, कारण उतारे सोपे असतात.

एकूण बँड म्हणजे चौघांची सरासरी, जवळच्या अर्ध्यावर नेलेली. पाव आला की वरच्या अर्ध्यावर आणि पाऊण आला की वरच्या पूर्णावर. ७.५, ७, ६, ६.५ यांची सरासरी ६.७५, म्हणजे निकाल ७. ६.५, ६, ६, ६ यांची ६.१२५, म्हणजे ६च. लिसनिंगमध्ये अर्धा बँड वाढवणं हे रायटिंगमध्ये वाढवण्यापेक्षा पुष्कळ सोपं.

लिसनिंगमध्ये मार्क कशाने जातात? ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं असताना तीन लिहिल्याने. अनेकवचनाचा ‘एस’ गाळल्याने. स्पेलिंगने, कारण तिथे सूट नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकन, दोन्ही चालतात. थर्टीन आणि थर्टी यांत आघात कुठे पडतो ते ऐकायचं. फोन नंबरात ‘डबल थ्री’ आणि शून्याला ‘ओ’ म्हणतात. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. संगणकावरच्या परीक्षेत शेवटी तपासायला दोनच मिनिटं मिळतात. कागदावरच्या परीक्षेतली उत्तरं उतरवायची दहा मिनिटं धरून सराव केला असेल तर तिथे तारांबळ उडते.

दांडियाबाजारकर
लहरीपुरा, हिशोब पटला. पण बरीच विद्यापीठं ‘एकूण साडेसहा आणि एकाही विभागात सहापेक्षा कमी नको’ अशी अट घालतात, काही ठिकाणी प्रत्येक विभागात साडेसहा. तिथे सरासरी कामाला येत नाही.

लहरीपुरा
बरोबर, म्हणून अर्ज करायच्या विद्यापीठाचं पान आधी वाचायचं, परीक्षा नंतर. एकच विभाग अडला असेल तर ‘वन स्किल रीटेक’ आहे. संगणकावर परीक्षा दिली असेल तर मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत एकच विभाग पुन्हा देता येतो. पण तो निकाल सगळीकडे चालतो असं नाही. विद्यापीठाला आणि व्हिसासाठी लागणार असेल तर तिथेही ईमेलने विचारून मगच पैसे भरा.

फेरतपासणी म्हणजे एन्क्वायरी ऑन रिझल्ट. सहा आठवड्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि बँड बदलला तर ती फी परत मिळते. बाकी तिन्ही विभाग सात-साडेसात आणि रायटिंग एकदम साडेपाच, असा खड्डा असेल तरच करा.

फतेहगंज_सिस्टर
नर्सिंगवाल्यांसाठी वेगळी वाट आहे, ती इथे नोंदवून ठेवते. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. त्याऐवजी ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा, चालते. तिथे त्याच तीन विभागांना बी ग्रेड म्हणजे ३५०, आणि रायटिंगला सी प्लस म्हणजे ३००.

ओईटीत निबंध नाही, पत्र असतं. ४५ मिनिटं, त्यातली पहिली पाच फक्त वाचायची. रुग्णाच्या नोंदी दिलेल्या असतात आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायचं, १८० ते २०० शब्दांत. इथे चूक होते ती सगळ्या नोंदी ओतल्याने. पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगसाठी पाठवताना वीस वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन लिहायचं नसतं. पण मधुमेह लिहायचाच, कारण जखम भरण्याशी त्याचा संबंध आहे. काय गाळायचं ते वाचणाऱ्याच्या कामावरून ठरतं. स्पीकिंगमध्ये दोन रोल-प्ले, प्रत्येकी पाच मिनिटांचे. वॉर्डात काम केलेल्या मुलींना हे निबंधापेक्षा जवळचं वाटतं.

कमाटीबाग
आता पीटीईचं. गुण १० ते ९०, साधारण दोन तास, सगळं संगणकावर, बोलणंसुद्धा मायक्रोफोनवर. एकाच प्रश्नाचे गुण दोन विभागांत जातात, हे इथलं वैशिष्ट्य. ‘राइट फ्रॉम डिक्टेशन’मध्ये ऐकलेलं वाक्य टाइप करायचं. प्रत्येक बरोबर शब्दाला गुण, आणि ते लिसनिंगलाही मिळतात, रायटिंगलाही. परीक्षेच्या अगदी शेवटी येतं, म्हणून आधीच्या प्रश्नांवर वेळ उडवला तर इथे दोन्ही विभाग बुडतात.

बोलताना सर्वात घातक गोष्ट म्हणजे थांबणं. तीन सेकंद शांतता झाली की रेकॉर्डिंग बंद होतं आणि पुढचं काहीच घेतलं जात नाही. चुकलात तर मागे जाऊन दुरुस्त करू नका, पुढे चला. माइक तोंडाच्या अगदी समोर नको, श्वासाचा फुत्कार जातो. थोडा खाली, हनुवटीच्या बाजूला. परीक्षेआधीच्या चाचणीत स्वतःचा आवाज नीट ऐका. शेजारी पाच-सहा जण एकाच वेळी बोलत असतात, त्यामुळे घरी अगदी शांत खोलीत सराव करून भागत नाही. टीव्ही चालू ठेवा.

घडियाळपोळ
पीटीई मशीन तपासतं म्हणून सोपी, असं कुणी समजू नये. २०२५ च्या ऑगस्टपासून दोन नवे बोलायचे प्रकार आले, प्रसंगाला उत्तर देणं आणि गटचर्चेचा सारांश सांगणं. पाठांतर पकडण्यासाठी माणसांची तपासणीही वाढवली. जिथे टेम्प्लेटवर भिस्त होती तिथे आता धोका आहे. निबंध लिहिता येत नाही म्हणून पीटीईकडे जाऊ नका. टायपिंग चांगलं, बोलण्यात अडखळ नाही आणि समोर माणूस असला की घाबरगुंडी होते, असं असेल तर जा.

टोफेल ही तिसरी इंग्रजी परीक्षा देणाऱ्यांनीही जुनी पुस्तकं बाजूला ठेवा. २०२६ च्या जानेवारीपासून ती १ ते ६ या मापावर आहे आणि रीडिंग-लिसनिंगचे प्रश्न तुमच्या उत्तरांप्रमाणे सोपे-अवघड होतात.

लक्ष्मीविलास_रोड
अवांतर होईल, पण बडोद्याच्या धाग्यावर हे यायलाच हवं. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले. तेव्हा टोफेल नव्हती, ती १९६४ साली सुरू झाली. आयईएलटीएस तर १९८९ ची. पण त्याच १९१३ साली केंब्रिजने परभाषकांसाठी इंग्रजीची प्रोफिशिएन्सी परीक्षा पहिल्यांदा घेतली. बारा तासांची. भाषांतर, निबंध, साहित्य, ध्वनिशास्त्र, सगळं होतं. बसले तीन जण आणि तिघेही नापास झाले.

सुरसागर_काठ
बारा तास! आणि आपली मुलं पावणेतीन तासांत थकतात.

लक्ष्मीविलास_रोड
थकवा आजचाही खराच आहे. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग सलग होतात, मध्ये सुटी नाही. रायटिंग शेवटी येतं, म्हणजे दीड तास डोकं वापरून झाल्यावर. म्हणून घरी नुसता निबंध ताज्या डोक्याने लिहून सराव करणं अपुरं. आठवड्यातून एकदा तिन्ही सलग करा.

मंजिरी_रावपुरा
रीडिंगमध्ये विधान उताऱ्याप्रमाणे ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन (उताऱ्यात सांगितलेलंच नाही) ते ठरवायचं असतं. त्यातल्या ‘नॉट गिव्हन’बद्दल खासगी निरोपात विचारणा झाली, इथेच उत्तर देते. आपल्याच इतिहासातलं घ्या. उताऱ्यात असं आहे: ‘सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते संस्थानभर लागू केलं.’

विधान एक: ‘संस्थानभर लागू करण्याआधी योजना एका भागात राबवली होती.’ ट्रू. विधान दोन: ‘१८९३ पासूनच सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचं होतं.’ फॉल्स, कारण उताऱ्यातलं वाक्य त्याच्या विरुद्ध जातं. विधान तीन: ‘या योजनेमुळे शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली.’ नॉट गिव्हन. तुम्हाला ते खरं वाटत असेल, पण उतारा मुलींबद्दल काहीच बोलत नाही. फॉल्स म्हणायचं असेल तर विरुद्ध जाणाऱ्या शब्दांवर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवायला जागा नसेल तर नॉट गिव्हन.

प्रतापगंज
दोन कागदोपत्री गोष्टी, कारण इथे इंग्रजी चांगलं असूनही काम अडतं.

नाव: गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं दोन्ही. परीक्षेची नोंदणी करताना पासपोर्टच पुढ्यात ठेवा, गुणपत्रिका नको. वडिलांचं नाव पासपोर्टवर असेल तर तिथेही हवं. केंद्रावर तोच मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. पासपोर्टचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर ते आधी करा आणि नव्या नंबरावर नोंदणी करा.

दुसरं, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम इंग्रजी आहे. पदवी तिथली असेल तर माध्यमाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. काही परदेशी विद्यापीठं त्यावर इंग्रजीची परीक्षा माफ करतात. सगळी नाही, आणि व्हिसाची अट वेगळी असू शकते.

आणखी एक. निकाल दोन वर्षं धरतात. प्रवेश दीड वर्षाने असेल तर आत्ता परीक्षा देऊन पुढे मुदतीची चिंता ओढवून घेऊ नका. कॅनडाच्या जुन्या स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीमवर (विद्यार्थी व्हिसाची जलद वाट) कुणी अजून सल्ला देत असेल तर ती ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली.

दांडियाबाजारकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे. घडियाळपोळ यांचाच विषय एका मुलाला दिला, जुन्या शहरात गाड्यांना बंदी. त्याच्या परवानगीने पहिलं वाक्य टाकतो:

‘नाउअडेज, ट्रॅफिक इज मेजर प्रॉब्लेम इन द सिटीज, पीपल आर हॅविंग मेनी व्हेइकल्स, सो गव्हर्नमेंट शुड टेक स्ट्रिक्ट स्टेप्स ओन्ली.’

मंजिरी_रावपुरा
छान, यात सगळं सापडतं. ‘मेजर प्रॉब्लेम’आधी ‘अ’ हवा. ‘सिटीज’नंतरचा स्वल्पविराम म्हणजे दोन स्वतंत्र वाक्यं चिकटवली. ‘आर हॅविंग’ नाही, मालकी सांगायची तर ‘हॅव’ किंवा ‘ओन’. ‘गव्हर्नमेंट’आधी ‘द’. शेवटचा ‘ओन्ली’ हा आपला ‘च’, काढून टाका. एका वाक्यात पाच चुका, आणि शब्द एकही अवघड नाही.

घडियाळपोळ
आणि सहावी व्याकरणाची नाही. बंदीला तो सहमत आहे की नाही? ‘स्ट्रिक्ट स्टेप्स’ म्हणजे कुठली? जुना भाग कुठे गेला? मी असं लिहायला सांगेन:

‘ट्रॅफिक इज अ मेजर प्रॉब्लेम इन ओल्ड सिटी सेंटर्स बिकॉज द स्ट्रीट्स वर बिल्ट बिफोर कार्स एक्झिस्टेड. आय सपोर्ट अ बॅन ऑन प्रायव्हेट कार्स, अ‍ॅज लाँग अ‍ॅज डिलिव्हरी व्हॅन्स कॅन एंटर इन द मॉर्निंग.’

शब्द त्याच्याच पातळीचे आहेत. कारण आलं, जागा आली, भूमिका आली, अटही आली. पुढचे दोन परिच्छेद कशावर असतील ते यातच ठरलं: एक अरुंद रस्त्यांवर, एक मालाच्या गाड्यांवर. त्याला म्हणावं, घड्याळ लावायच्या आधी पाच मिनिटं कागदावर फक्त हे ठरव आणि मग लिहायला घे.

दांडियाबाजारकर
सांगतो. रविवारी त्याचा पूर्ण निबंध इथे टाकतो, चुका न सुधारता.

मंजिरी_रावपुरा
टाका. ‘अ’ आणि ‘द’ची फेरी मात्र त्याची त्यालाच करू द्या, पेन्सिलने. किती सापडल्या तो आकडाही लिहा.